अनुभव धागा : एसटीतली माणसे, आमच्या घरातली

१ जून हा एसटीचा वर्धापनदिन. १९४८ साली याच दिवशी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान पहिली गाडी धावली. तिचे चालक किसन राऊत होते आणि वाहक लक्ष्मण केवटे. दरवर्षी या दिवशी आगारांमध्ये गाड्यांना हार घातले जातात, पहिल्या गाडीची आठवण काढली जाते आणि ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद पुन्हा एकदा फलकावर झळकते. ते योग्यच आहे. परंतु ज्या घरांतून चालक, वाहक आणि यांत्रिक वर्षानुवर्षे पहाटे तीन-साडेतीनला बाहेर पडत राहिले, त्या घरांनी आपल्या माणसाला कसे पाहिले, हे फारसे कुठे लिहिलेले सापडत नाही, आणि ज्यांनी ते पाहिले ती पिढीही आता थकत चालली आहे. म्हणून हा धागा.

ज्यांचे पती किंवा वडील एसटीच्या सेवेत होते आणि आज हयात नाहीत, त्यांनी येथे लिहावे अशी विनंती आहे. ‘फार कष्टाळू होते, घरच्यांवर फार जीव होता’ एवढ्यावर कृपया थांबू नये. कष्ट नेमके कोणते होते आणि जीव लावण्याची त्यांची रीत कोणती होती, तेवढे मात्र सांगावे. नावे आणि बिल्ला क्रमांक देऊ नयेत.

सुरुवात मीच करते, कारण कार्यशाळेतल्या माणसांची आठवण सहसा शेवटी निघते.

माझे बाबा दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते. एसटीच्या अशा तीन कार्यशाळा आहेत : दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळची हिंगणा. त्यांच्या काळी कारखान्यातून येई ती नुसती चासी, म्हणजे इंजिन, चाके आणि चालकाच्या हातातले चक्र. प्रवासी ज्याला गाडी म्हणतो तो सांगाडा, पत्रे, खिडक्या, आसने हे सारे कार्यशाळेत चढत असे. बाबा पत्र्याच्या कामावर होते. सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा बसवून तो रिव्हेटने ठोकायचा, एकाने बाहेरून यंत्र चालवायचे आणि दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा, असे ते काम. आत ठोकळा धरणाऱ्याच्या कानावर तो आवाज घुमून येतो. बाबांनी तरुणपणी बरीच वर्षे ठोकळा धरला आणि पन्नाशीच्या आतच त्यांना कमी ऐकू येऊ लागले.

घरात त्यांनी यावर एक उपाय शोधला होता. संध्याकाळी चहा झाला की ते आम्हा दोघी बहिणींना दिव्याखाली बसवत आणि स्वतः समोर, आमच्या ओठांकडे पाहत बसत. शाळेत काय झाले ते आम्ही सांगायचे. वक्तृत्व स्पर्धेचे भाषण मी त्यांच्यापुढे इतक्या वेळा म्हटले आहे की आजही बोलताना माझे शब्द तोंडातल्या तोंडात विरत नाहीत. ‘तुझे शेवटचे वाक्य मला दिसले नाही, पुन्हा म्हण,’ असे ते म्हणत. ज्या माणसाला ऐकू येत नव्हते त्याच्याइतके लक्षपूर्वक माझे बोलणे नंतर कुणी ऐकले असेल असे मला वाटत नाही.

आईचे शिक्षण सातवीवर सुटले होते. तिला दहावी करायची इच्छा होती, हे तिने आम्हाला कधी सांगितले नव्हते, परंतु बाबांना सांगितले होते. त्यांनी पहिली पाळी मागून घेतली, दुपारी चारला घरी येऊन स्वयंपाकघर हाती घेतले आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून आईला परीक्षेला बसवले. शेजारी काय म्हणत होते ते त्यांना ऐकू येत नव्हते आणि ऐकू आले असते तरी फरक पडला नसता. आई बीजगणितात अडली, तेव्हा त्यांनी कार्यशाळेतल्या एका सुपरवायझरांकडून जेवणाच्या सुट्टीत ती रीत समजून घेतली आणि घरी येऊन पाटीवर उतरवली. आई दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाली.

कुठेही जाताना गाडीत चढण्याआधी ते गाडीला एक फेरी मारत आणि खिडकीच्या खालच्या रिव्हेटच्या रांगेवरून तळवा फिरवत. पावसाचे पाणी तिथूनच आत शिरते, असे ते सांगत. आपण ठोकलेली गाडी कुठेतरी घाटात, पावसात, भरून चालली आहे आणि आतल्या बाईच्या मांडीवरचे मूल भिजलेले नाही, ही कल्पना त्यांना मनापासून आवडत असे.

वाहकाची पत्नी, कोल्हापूर जिल्हा

आमचे हे वाहक होते आणि नोकरीची बहुतेक वर्षे त्यांना वस्तीची गाडी असे. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : वस्तीची गाडी संध्याकाळी तालुक्याहून निघते, शेवटच्या गावी रात्रभर थांबते आणि पहाटे तिथूनच पहिली फेरी घेऊन परत येते. त्यामुळे शाळेची मुले, दूधवाले आणि दवाखान्यात जाणारी माणसे वेळेवर पोहोचतात. चालक आणि वाहक यांनी मात्र गावच्या देवळात, चावडीत किंवा गाडीतल्याच बाकावर झोपायचे. थंडीत पत्रा गार पडतो आणि बाकावर पाय पुरते पसरता येत नाहीत. हे उंच होते. गुडघे दुमडून झोपण्याची सवय त्यांना इतकी जडली की घरी पलंगावरही ते तसेच झोपत.

काम उभ्याचे. भरलेल्या गाडीत दोन्ही हात मोकळे लागतात, एका हातात तिकिटांचा ट्रे आणि दुसऱ्यात पंच, त्यामुळे तोल सांभाळायला कंबर आसनाच्या कडेला टेकवून उभे राहावे लागते. त्यांच्या डाव्या कमरेवर त्या कडेचा काळा वण होता. संध्याकाळपर्यंत नाण्यांनी बोटे काळी होत. रात्री वेबिल, म्हणजे दिवसभराच्या तिकिटांचा हिशोब, आणि रोकड यांचा मेळ घालायचा, आणि पैसे कमी भरले तर ते स्वतःच्या खिशातून घालायचे, हा नियम त्यांनी कधी अन्याय म्हणून सांगितला नाही. ‘लोकांचा पैसा आहे, तो मोजूनच द्यायचा असतो,’ एवढेच म्हणत.

खाकी शर्ट भिजत घातला की खिशातून तिकिटांचे गोल कपटे पाण्यावर तरंगत वर येत : गुलाबी, हिरवे, पिवळे. पंचाने पडलेली टिकली गाडीत पसरू नये म्हणून ते जमेल तेवढी खिशात टाकत. मुले लहान असताना बादलीभोवती बसून ते कपटे गोळा करत.

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास मला क्षय झाला. औषध सहा महिने एकही दिवस न चुकवता घ्यावे लागते, आणि थोडे बरे वाटू लागले की माणूस ते सोडतो, नेमका तिथेच हा आजार उलटतो, हे डॉक्टरांनी त्यांना बजावून सांगितले होते. त्या काळी आमच्याकडे हा आजार लपवण्याचा होता. यांनी तो लपवला नाही. सासूबाईंना आणि दिराला समोर बसवून त्यांनी सगळे समजावून सांगितले, माझी भांडी वेगळी करण्याची भाषा निघाली ती तिथेच थांबवली, आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढून आपल्या कपड्यांच्या ट्रंकेवर ठेवली. मी गोळ्या घेतल्या की ते पंच काढून त्या तारखेला एक भोक पाडत. वस्तीवरून परत आले की आधी गोळ्यांच्या पट्ट्या मोजत आणि मगच आदल्या रात्रीचे भोक पाडत. पान उजेडासमोर धरले की एका ओळीत सगळी भोके दिसत. चौथ्या महिन्यात मला त्या गोळ्यांची शिसारी आली होती, आणि केवळ त्या ओळीत मध्येच एक तारीख कोरी दिसेल या विचाराने मी त्या घेत राहिले. मी पूर्ण बरी झाले. त्यानंतर मी तीस वर्षे त्यांच्याबरोबर संसार केला.

वस्तीच्या गावातली माणसे सकाळी त्यांच्या हातात औषधाची चिठ्ठी देत आणि संध्याकाळी ते औषध घेऊन जात. हे माझ्या आजारपणानंतर वाढले. ते गेले तेव्हा त्या गावातून माणसे आली होती आणि त्यांतल्या निम्म्यांना मी ओळखत नव्हते.

चालकाचा मुलगा, सातारा जिल्हा

अण्णा पोलादपूर-महाबळेश्वर या आंबेनळी घाटात बरीच वर्षे गाडी चालवत होते. पावसाळ्यात तिथे धुके इतके उतरते की पुढच्या वळणाचा कठडा गाडीच्या नाकाशी आल्यावर दिसतो. घाटाचा त्यांचा नियम एकच होता : ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे. उतारावर गाडी इंजिनाने धरायची असते. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर लायनिंग तापतात आणि नेमके शेवटच्या वळणावर ब्रेक लागत नाही. मागून येणारा कितीही भोंगा वाजवो, अण्णांनी उतारावर कधी घाई केली नाही. मला दुचाकी शिकवताना, पुढे माझ्या बहिणीला मोटार शिकवताना, त्यांनी वेगापेक्षा आधी उतार शिकवला.

परंतु मला सांगायचे आहे ते त्यांच्या झोपेविषयी. रात्रीची गाडी असणाऱ्या माणसाला दिवसा झोपावे लागते आणि दोन खोल्यांच्या घरात, रस्त्याला लागून, ते सोपे नसते. त्यांचे म्हणणे असे की गाडीत पन्नास माणसे डोळे मिटून बसतात ती चालकाचे डोळे उघडे राहतील या भरवशावर, आणि तो भरवसा घाटात नव्हे, दुपारी घरी कमवायचा असतो. लग्नकार्य असो, पाहुणे असोत, ड्युटीआधीची झोप त्यांनी मोडली नाही. माणसे नाराज होत. एका सख्ख्या भाच्याच्या हळदीला ते गेले नाहीत, हे नातेवाइकांनी पुष्कळ वर्षे लक्षात ठेवले होते.

आईने ती झोप राखली. कुकरची शिट्टी दुपारी वाजू नये म्हणून डाळ-भात ती सकाळीच उरकून ठेवत असे, दाराची कडी कापडाने गुंडाळलेली असे, आणि आम्ही तिन्ही भावंडे अभ्यासाला मारुतीच्या देवळाच्या ओवरीत जात असू. चार वाजता अण्णा उठत, तोंड धुऊन थेट देवळात येत आणि पुस्तके उचलायला लागण्याआधी आमच्याजवळ बसून प्रत्येकाचा धडा विचारत. पाहुण्यांसाठी न मोडणारी झोप आमच्या परीक्षेच्या दिवसांत मात्र ते तासभर कमी करत, पण तीही सकाळच्या बाजूने, कधी ड्युटीच्या बाजूने नाही.

विनाअपघात सेवेबद्दल त्यांचा सत्कार झाला, तेव्हा त्यांनी आईला बरोबर नेले. त्यांचे नाव पुकारल्यावर ते तिला घेऊनच वर गेले आणि साहेबांना म्हणाले, ‘बिल्ला हिच्या हातात द्या, माझी झोप हिने सांभाळली.’ आई इतकी संकोचली की तिने पदर तोंडाला लावला, आणि त्याच स्थितीतला फोटो आमच्याकडे आहे.

सेवेच्या अखेरच्या वर्षांत त्यांना समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती वलये दिसू लागली. डोळ्यांची तपासणी व्हायला अजून अवकाश होता. कुणालाच काही कळले नसते. त्यांनी स्वतः जाऊन सांगितले आणि गाडी सोडली. आगारातच दुसरे काम मिळाले, परंतु रात्रीचा भत्ता आणि ओव्हरटाइम गेला, आणि तेव्हा माझे शेवटचे वर्ष व बहिणीचे लग्न दोन्ही समोर होते. त्यांनी दोन म्हशी घेतल्या. पहाटे धार काढून, दूध घालून ते आगारात जात. बहिणीच्या लग्नात कसलीही उणीव राहिली नाही, एवढे मी त्या घराचा हिशोब पाहिलेला मुलगा म्हणून सांगू शकतो. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, नजर स्वच्छ झाली, तरी ते पुन्हा चक्राला बसले नाहीत.

वाहकाचा मुलगा, परभणी

वरच्या अनुभवात आईचा उल्लेख आला म्हणून बरे वाटले. आमच्या बाबांच्या कष्टांविषयी लिहायचे तर सणांविषयी लिहावे लागेल, आणि सणांविषयी लिहायचे तर आईविषयी.

लोक ज्या दिवशी घरी जातात त्या दिवशी एसटीचा माणूस घरी नसतो. दिवाळीला जादा गाड्या, आषाढीला पंढरपूर. आषाढीत राज्यभरातून गाड्या पंढरपुरात आणतात आणि बाबा जवळजवळ दरवर्षी त्यात असत. वारकरी माणसाच्या पोटी जन्मूनही यात्रेच्या दिवसांत त्यांना दर्शनबारीत उभे राहता येत नसे. लांबून कळसाला हात जोडून ते गाडीवर जात आणि बुक्क्याची पुडी तेवढी घरी आणत. आमची भाऊबीज पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत कोणत्याही दिवशी होत असे. आईने आम्हाला लहानपणापासून असे वाढवले की बाबा येतील तो दिवस सणाचा, त्यामुळे शेजारच्या मुलांचे फटाके संपलेले असताना आमचे सुरू होत आणि आम्हाला ते विशेष वाटे. बाबा निवृत्त झाल्यावर पहिल्याच आषाढीला त्यांनी आईला पंढरपूरला नेले आणि दोघे रांगेत उभे राहिले. रांग मोठी होती. आईचे पाय सुजले, पण त्यांनी तिला परत फिरू दिले नाही आणि तिलाही फिरायचे नव्हते.

चालकाची मुलगी, रत्नागिरी जिल्हा

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. त्या रात्री पप्पाही मुंबई-गोवा महामार्गावर होते, मुंबईहून खाली येत होते. बातमी आली तेव्हा कोणती गाडी, कोणत्या दिशेची, काहीच स्पष्ट नव्हते, आणि त्यांचा फोन लागत नव्हता. आई फोन हातात घेऊन भिंतीला टेकून बसली आणि सकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. उजाडल्यावर कुणा ट्रकचालकाच्या फोनवरून पप्पांचा आवाज आला. त्यांना पुलाच्या अलीकडच्या बाजूलाच अडवले होते.

ज्या गाड्या गेल्या त्यांतली माणसे आपापल्या घरी निघालेली होती आणि त्यांचे चालक-वाहक कामावर होते. त्या घरांचे दुःख मला ठाऊक आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या घरात त्या रात्रीने एवढाच बदल केला : निघण्याआधी पप्पा आईला संपूर्ण वेळापत्रक सांगू लागले, कुठे किती वाजता पोहोचणार, सोबत वाहक कोण, त्याचा नंबर काय. २०१७ साली नवा पूल सुरू झाल्यावर, पूल ओलांडून पुढच्या थांब्यावर गाडी उभी राहिली की ते एक मिस्ड कॉल देत. रात्री दोनला असो वा पहाटे, आई तो आल्याशिवाय झोपत नसे. पप्पा बोलण्यात अतिशय रूक्ष होते. प्रेमाचा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही. परंतु निवृत्त होईपर्यंत तो कॉल एकदाही चुकला नाही, आणि आईला त्याहून अधिक काही हवे होते असे मला तिच्याकडे पाहून कधी वाटले नाही.

चालकाची पत्नी, धुळे

२०२० च्या एप्रिलअखेरीस, टाळेबंदीत, राजस्थानातल्या कोट्याला शिकायला गेलेली आपल्याकडची मुले आणण्यासाठी धुळ्याहून एसटीच्या सत्तरच्या आसपास गाड्या गेल्या. त्यांतल्या एका गाडीवर आमचे हे होते. मध्य प्रदेश ओलांडून जायचे, रस्त्यात हॉटेल उघडे नाही, कुठे उतरायची सोय नाही. सोबत भाकऱ्या, ठेचा आणि पाण्याचे डबे दिले.

मी त्या वेळी फार चिडले होते, हेही लिहिते. त्यांचे नाव यादीत नव्हते. ज्या तरुण सहकाऱ्याचे होते त्याची बायको दिवसांत होती, म्हणून यांनी त्याच्या जागी आपले नाव दिले आणि मला सांगितले ते सही करून आल्यावर. मी म्हटले, आपल्या घरात दोन मुले आहेत त्यांचे काय? त्यावर त्यांनी वाद घातला नाही. बँकेचे पुस्तक, विम्याचे कागद, कुणाचे किती देणे-घेणे आहे ते एका कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवले आणि प्रत्येक गोष्ट मला दोनदा समजावली. इतक्या वर्षांच्या संसारात ते सगळे मी पहिल्यांदाच पाहत होते.

परत आल्यावर ते घरात आले नाहीत. शेतातल्या खोलीत चौदा दिवस राहिले. मी बांधावर डबा ठेवायचे आणि ते मी लांब गेल्यावर उचलायचे. संध्याकाळी बांधाच्या दोन बाजूंना बसून आम्ही बोलत असू. मुलींनी रात्रभर गाडीत पाढे आणि सूत्रे म्हटली, एकीला उलट्या होत होत्या म्हणून तिला पुढच्या आसनावर बसवले, तिच्या आईशी आपल्या फोनवरून बोलणे करून दिले, असे बरेच काही त्यांनी तिथूनच सांगितले. घाईच्या दिवसांत इतके निवांत बोलणे आमचे कधी झाले नव्हते.

त्या वेळी त्यांना काही झाले नाही. पुढच्या वर्षीच्या लाटेत ते गेले. दवाखान्याविषयी मला लिहायचे नाही. तो कागद मात्र उपयोगी पडला. कोणत्याही कचेरीत मला कुणापुढे अडखळावे लागले नाही, कारण काय मागायचे आणि कुठे सही करायची ते मला त्यांनी आधीच शिकवून ठेवले होते. उलट्या होत असलेल्या त्या मुलीची आई आजही संक्रांतीला फोन करते.

वाहकाची मुलगी, स्वतः वाहक, यवतमाळ जिल्हा

बाबा सेवेत असतानाच हृदयविकाराने गेले. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते, भाऊ शाळेत होता. अनुकंपा तत्त्वावर मला वाहकाची नोकरी मिळाली आणि काही काळाने त्यांचाच मार्ग माझ्याकडे आला.

त्यांच्या पेटीत एक वही होती. पहिल्या पानांवर टप्पे आणि भाडे, ते सगळेच वाहक लिहून ठेवतात. मागच्या पानांवर थांब्यानुसार माणसे होती. ‘नाल्याजवळची आजी, डोळ्यांनी कमी, हात धरून उतरवणे.’ ‘फाट्यावरचा मास्तर, नेहमी पळत येतो, अर्धा मिनिट थांबणे.’ ‘सोमवारी बाजाराच्या बाया, टोपली वर चढवून देणे, घाई न करणे.’ ‘आठवीतली मुलगी, एकटी असते, पुढे बसवणे, मुलांच्या घोळक्यात नाही.’ घंटी केव्हा मारायची हे प्रशिक्षणात शिकवतात : एक थांबण्यासाठी, दोन निघण्यासाठी. दुसरी घंटी केव्हा मारू नये, ते मी या वहीतून शिकले.

आता तिकिटाचे यंत्र आहे, ट्रे आणि पंच गेले. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले आणि त्याआधी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास सुरू झाला, तेव्हापासून गाडीत म्हातारी माणसे आणि बाया पुष्कळ वाढल्या आहेत. लेकीकडे, दवाखान्यात, बाजाराला, ज्या पूर्वी कुणाच्या तरी सोबतीची वाट पाहत थांबत त्या आता आपल्या आपण निघतात. बाबांना हे पाहून फार आनंद झाला असता. वहीतल्या मास्तरांची बदली झाली, नाल्याजवळची आजी गेली, आठवीतली ती मुलगी आता आपल्या बाळाला घेऊन माहेरी येते. मी नवी नावे जोडली आहेत.

पहिल्या वर्षी मी घरी येऊन रडत असे. पाय दुखत, सुट्या पैशांवरून वाद होत, आणि भरल्या गाडीत बाईने तिकीट मागितले की काही पुरुषांना ते सोसत नसे. बाबांनी हेच काम इतकी वर्षे केले आणि घरी येऊन आमच्याशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत, हे मला नोकरी लागल्यावर पहिल्यांदा लक्षात आले. ते आले की आधी अंगणातल्या दगडावर पंधरा मिनिटे एकटेच बसत. आई आम्हाला तिकडे जाऊ देत नसे. मग ते हातपाय धुऊन आत येत आणि भावाला खांद्यावर घेत. मीही आता घरात जाण्याआधी त्या दगडावर बसते.

‘तू कुणाची गं?’ असे मार्गावरची जुनी माणसे विचारतात. मी बाबांचे नाव सांगितले की पुढचा थांबा येईपर्यंत त्यांच्याविषयी मला काहीतरी नवे ऐकायला मिळते. अलीकडेच एका आजोबांनी सांगितले की माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी बाबांनी गाडी सुटण्याआधी समोर उभे राहून सगळ्या प्रवाशांना माझे गणिताचे गुण सांगितले होते आणि चालकाला मुद्दाम तीनदा घंटी दिली होती. घरी येऊन मला ते फक्त ‘बरे आहेत, विज्ञानात वाढायला हवे होते’ एवढेच म्हणाले होते.